कोरेगाव भीमा : रणांगण, क्रीडांगण आणि पंगत

प्रवासाचा लेख म्हटला की हिमालयाची शिखरे, दक्षिणेतील गोपुरे, नाही तर परदेशातील राजधान्या, असा आपल्याकडे एक समज होऊन बसला आहे. ज्या वाटेने आपण वर्षातून चार वेळा जातो, त्या वाटेवरील गावाविषयी सहसा कोणी लिहीत नाही. पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर, नगरच्या रस्त्यावर असलेले कोरेगाव भीमा हे असेच एक गाव आहे. रांजणगावच्या महागणपतीस किंवा शिर्डीस जाताना आमच्या बहुतेक वाचकांनी ते मोटारीच्या काचेतून पाहिले असेल; खाली उतरून पाहिलेले मात्र फार थोडे असतील. आम्ही या खेपेस मुद्दाम उतरलो, आणि तेथून पुढे रांजणगावपर्यंत जाऊन आलो. या प्रवासात आमच्या मनात जो विषय घोळत राहिला तो फुटबॉलचा होता, हे ऐकून वाचकांस थोडे नवल वाटेल. कोरेगावचा आणि फुटबॉलचा संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

वाघोली आणि लोणीकंद मागे टाकून पेरणे फाट्याशी आले की रस्त्यालगत तो प्रसिद्ध दगडी स्तंभ दिसतो. 1821 साली त्याचा पाया घातला गेला. स्तंभ हवेली तालुक्यात येतो, आणि भीमेवरचा पूल ओलांडला की शिरूर तालुक्यातील कोरेगाव लागते. नदीच्या वरच्या अंगास तुळापूर, जेथे भीमा, भामा आणि इंद्रायणी यांचा संगम होतो. आणि जवळच वढू बुद्रुक, जेथे संभाजी महाराजांची समाधी आहे. चार-सहा मैलांच्या टापूत महाराष्ट्राचा एवढा इतिहास साठलेला आहे, की तेथे पाऊल जपून टाकावे असे वाटते.

31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखाली कंपनी सरकारची सुमारे आठशे माणसे शिरूरहून पुण्याकडे निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या बाजीरावाची कितीतरी पटींनी मोठी फौज समोर दिसताच त्यांनी कोरेगावच्या गावठाणाचा आसरा घेतला. पेशव्यांकडील अरब, गोसावी आणि इतर पायदळ गावात शिरले, आणि घराघरांतून व गल्लीबोळांतून दिवसभर झुंज चालली. नदी हाकेच्या अंतरावर, पण पाण्याची वाट तुटलेली. रात्रभर चालून आलेले शिपाई तसेच उपाशी-तहानलेले संध्याकाळपर्यंत लढत राहिले. कंपनीकडील पावणेतीनशेच्या आसपास माणसे मेली, जखमी झाली वा बेपत्ता झाली. अखेर पेशव्यांची फौज तेथून निघून गेली. जय कोणाचा, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. त्या वादात आम्ही पडत नाही.

आम्हांस लक्षात घेण्यासारखी वाटली ती दुसरीच गोष्ट. मराठी फौजेचा जुना पवित्रा म्हणजे वेगाने हालावे, रसद तोडावी, शत्रूस दमवावे आणि जेथे तो दुबळा तेथे गाठावे. युरोपीय कवायतीचा पवित्रा म्हणजे रांग मोडू द्यायची नाही. हे दोन राष्ट्रांचे दोन स्वभाव होत, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु कोरेगावात कवायतीने लढणारे बहुतेक शिपाई याच देशातले होते. महार, मराठा, राजपूत, मुसलमान असे सर्व त्यांत होते. युरोपीय गोलंदाज व अंमलदार मिळून काही थोडी माणसे. म्हणजे पवित्रा रक्तातून येत नाही, तो शिकवणीतून येतो. हेच सूत्र आम्हांस पुढे फुटबॉलच्या मैदानावर उपयोगी पडले.

पूल ओलांडून गावात शिरलो तेव्हा उन्हे उतरली होती. एका मोकळ्या जागेत पंधरा-वीस तरुणांचा फुटबॉल रंगला होता. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात कारखाने झाल्यापासून येथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून कामगार येऊन राहिले आहेत. तेव्हा बंगाली, हिंदी आणि मराठी असा तीन भाषांचा गलका ऐकू यावा यात नवल नव्हते. गोलाच्या खांबांऐवजी दोन-दोन विटा मांडलेल्या; पंच कोणीच नाही. बंगाली पोरे चेंडू पायाशी ठेवून एकमेकांस अलगद देत होती. बोलण्यावरून कोल्हापूरकडचा वाटणारा एक धिप्पाड गडी मात्र पायापेक्षा खांद्याचा उपयोग अधिक करी. एकदा चेंडू विटेच्या आतून गेला की वरून, यावर जोराचा तंटा झाला. मग कोणीतरी हसले, आणि तो डाव पुन्हा खेळावयाचे ठरले. खेळ थांबताच पाण्याचा एकच कॅन हातोहात फिरला.

हा खेळ आपल्याकडे आणला तो मुख्यत्वे गोऱ्या पलटणींनी. मुंबईची रोव्हर्स स्पर्धा 1891 साली सुरू झाली, आणि पहिला चषक वूस्टरशायर पलटणीने नेला. हिंदी संघास तो मिळण्यासाठी 1937 साल उजाडावे लागले. त्या वर्षी बंगलोर मुस्लिम्स हा संघ जिंकला. त्याआधी 29 जुलै 1911 रोजी कलकत्त्यास मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस दोन विरुद्ध एक असे हरवले, तेव्हा त्यांच्या अकरा गड्यांपैकी दहा अनवाणी होते. गोव्यात हा खेळ रुजवला तो फादर लायन्स या पाद्र्याने, 1883 साली शिवोली गावी. कोल्हापुरात तो तालमींच्या आश्रयास गेला. म्हणून तेथील संघांच्या नावांत अजून ‘तालीम मंडळ’ हे शब्द आढळतात, आणि पेठेपेठेतील ईर्ष्या मैदानात उतरते. एकच चेंडू आणि एकच नियम. पण कलकत्त्यास त्याचे एक रूप, गोव्यात दुसरे, आणि लाल मातीच्या कोल्हापुरात तिसरे.

मग राष्ट्राराष्ट्रांत भेद असावेत यात काय आश्चर्य? इंग्रजांचा जुना खेळ धावण्याचा आणि अंगावर घेण्याचा. चेंडू आपण पुढे न्यावा, आणि इतरांनी मागून रेटा द्यावा, ही त्यांची पद्धत. त्यांच्याच शेजारच्या स्कॉटलंडने चेंडू एकमेकांस देत पुढे जाण्याची रीत वाढवली. या दोन देशांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना 30 नोव्हेंबर 1872 रोजी ग्लासगोजवळ झाला, आणि तो एकही गोल न होता बरोबरीत सुटला. स्कॉटिश रीत पुढे मध्य युरोपात पोचली. आणि 25 नोव्हेंबर 1953 रोजी हंगेरीने इंग्लंडला त्याच्या घरच्या वेम्ब्ली मैदानावर सहा विरुद्ध तीन असे हरवून गुरूची विद्या गुरूस ऐकवली. ब्राझीलने चेंडूशी लडिवाळपणे खेळण्याचा लौकिक मिळवला. इटालियन लोकांनी बचावाचे शास्त्र केले. त्यांच्या त्या पद्धतीस ‘कातेनाच्यो’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत अगदी सरळ आहे : दाराची कडी. आधी घर बंद करावे, मग बाहेर डोकवावे. हॉलंडने 1974 च्या सुमारास याच्या उलट टोक गाठले. त्यांच्या संघात बचाव करणारा चढाईस जाई आणि चढाईचा गडी त्याची जागा राखी.

ही झाली खेळाची तऱ्हा. खरी गंमत पुढे आहे. विश्वचषकाचे सामने चालू असता घरातील मुले रात्री जागतात, आणि आजी जपमाळ हातात घेऊन मध्येच विचारते, “अरे, हा लागले नसता एवढा का लोळतो आहे?” आजीचा हा प्रश्न साधा नाही. इंग्रज प्रेक्षकास असे खोटे पडणे हे मोठे पाप वाटते; उलट गड्यास दणका देऊन चेंडू हिसकावणे हे त्याच्या मते मर्दानी. अर्जेंटिनात किंवा इटलीत हाच तराजू पुष्कळदा उलटा कलतो. अंगाला इजा करणे वाईट, पण पंचाच्या डोळ्यांत धूळ टाकणे ही हुशारी.

22 जून 1986 रोजी मेक्सिको शहरात अर्जेंटिनाच्या माराडोनाने इंग्लंडविरुद्ध एक गोल चक्क हाताने केला, आणि पंचाच्या ते ध्यानात आले नाही. इंग्रजांनी त्यास लबाडी म्हटले. चारच वर्षांपूर्वी फॉकलंडच्या युद्धात इंग्लंडकडून हरलेल्या अर्जेंटिनात त्याचे कौतुक झाले. 2 जुलै 2010 रोजी उरुग्वेच्या सुवारेझने घानाचा अगदी अखेरचा गोल रेषेवर हाताने अडवला. त्यास बाहेर काढण्यात आले, घानाने मिळालेली पेनल्टी वाया घालवली, आणि उरुग्वे पुढे गेला. आफ्रिकेच्या दृष्टीने तो चोर, मायदेशात तो संघासाठी स्वतःचा बळी देणारा वीर.

आपण मराठी माणसांनी यावर नाक मुरडण्यापूर्वी थोडे थांबावे. लाल महालात रात्री शिरून शाहिस्तेखानाची बोटे तोडण्याची कथा आपण मुलांस अभिमानाने सांगतो. मोगल बखरकार त्यास दगा म्हणतील, आपण त्यास गनिमी कावा म्हणतो, आणि योग्य तेच म्हणतो. बलाढ्याने आखलेल्या नियमांनी बलाढ्याशी लढावे तर दुबळ्याच्या वाट्यास पराभवच येतो, हे जगातील पुष्कळ राष्ट्रांनी अनुभवले आहे. त्यांची खेळातील नीती त्या अनुभवाचा रंग घेऊन आली आहे. तथापि खेळ हा युद्ध नव्हे. युद्धात नियम शत्रूने लादलेले असतात, खेळात ते दोघांनी आपण होऊन मान्य केलेले असतात. म्हणून युद्धातला कावा खेळात जसाच्या तसा चालत नाही, असे आमचे मत आहे.

नियम अक्षरशः पाळला म्हणजे खिलाडूपणा आला असेही नाही. 2018 च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोल, सर्व काही सारखे झाले. तेव्हा ज्या संघास पिवळी कार्डे कमी, तो पुढे, असा नियम होता. शेवटच्या सामन्यात जपान पोलंडकडून एका गोलाने हरत होता. पण आपली कार्डे कमी आहेत हे जाणून अखेरची काही मिनिटे जपानी गडी आपल्याच अर्ध्यात चेंडू फिरवीत राहिले. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. सभ्यतेच्या नियमाचा आधार घेऊन न खेळता पुढे गेलेला संघ तोच, ज्याचे पाठीराखे सामना संपल्यावर बैठकींवरचा कचरा स्वतः गोळा करतात! एकाच राष्ट्राची ही दोन चित्रे पाहिली म्हणजे ‘अमुक देश खिलाडू, तमुक लबाड’ असे शेरे मारण्याचा मोह आवरतो.

आपल्या हुतुतूचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. चढाई करणाऱ्याने दम धरावयाचा, आणि दम सुटला की बाद व्हावयाचे. गल्लीतल्या खेळात पंच कोठला? दम सुटला हे सर्वांत आधी ज्याचे त्यास कळते. गडी ‘मरतो’, आणि आपल्या बाजूने गुण मिळवला की पुन्हा ‘जिवंत’ होतो. मरणे कबूल करणाऱ्यास परत येण्याची वाट या खेळाने ठेवली आहे. आपल्याकडील खिलाडूपणाची कल्पना आम्ही परक्या शब्दांत शोधण्यापेक्षा येथे शोधू.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढे रांजणगावास गेलो. महागणपतीचे दर्शन घेऊन औद्योगिक वसाहतीकडे वळले की एक मौज दिसते. एल. जी. या कोरियन कंपनीचा कारखाना येथे आहे, आणि फियाट या इटालियन कंपनीच्या नावाने उभा राहिलेला मोटारींचा कारखानाही याच वसाहतीत आहे. जगाच्या दोन टोकांचे हे देश शिरूर तालुक्यात एकमेकांचे शेजारी झाले आहेत. फुटबॉलच्या इतिहासात मात्र त्यांची गाठ फार कडवटपणे पडली होती.

18 जून 2002 रोजी कोरियातील देजॉन शहरी विश्वचषकाचा सामना झाला. इटलीने आरंभीच गोल केला आणि आपल्या रिवाजाप्रमाणे दाराला कडी घातली. कोरियन गडी धावतच राहिले. सामना संपण्यास दोन मिनिटे उरली असता त्यांनी बरोबरी साधली. जादा वेळात जो प्रथम गोल करील तो विजयी, असा तेव्हा नियम होता. इटलीच्या तोत्तीस खोटे पडल्याबद्दल दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर जावे लागले, एक इटालियन गोल पंचांनी नाकारला, आणि अखेर आन जुंग-ह्वान याने डोक्याने गोल करून सामना संपवला. इटलीभर पंचाच्या नावाने आगडोंब उसळला. हा आन इटलीतीलच पेरुजा शहरच्या क्लबाचा खेळाडू! त्यास आपण यापुढे ठेवणार नाही, असे क्लबाच्या अध्यक्षांनी लागलीच जाहीर केले, आणि तो पुन्हा त्या क्लबाकडून खेळला नाही. त्याच स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकासाठी कोरिया तुर्कस्तानकडून हरला. तेव्हा मात्र दोन्ही संघांचे गडी हातात हात गुंफून प्रेक्षकांस वंदन करण्यास गेले. पराभवाचे दोन प्रकार जगाने अवघ्या अकरा दिवसांत पाहिले.

पण कोरियाचा संघ एवढा वर आला कसा, हे आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावे. 2001 च्या आरंभी गुस हिडिंक या डच गुरूस कोरियाने बोलावले. त्यास असे आढळले, की कोरियन गडी पायांनी चपळ असले तरी वयाच्या मानाने बांधलेले आहेत. तेथे वडीलधाऱ्यास नुसत्या नावाने हाक मारणे अशिष्ट. आपल्या ‘दादा’सारखा शब्द लावावा लागतो. धाकट्याने मोठ्यावर ओरडून चेंडू मागावा तरी कसा? जेवणासही मोठे एकीकडे, धाकटे दुसरीकडे. हिडिंकने दोन गोष्टी केल्या. मैदानावर सर्वांनी एकमेकांस नावाने हाक मारावी असे ठरवले, आणि जेवताना लहान-मोठे मिसळून बसवले. ज्या संघाने तोपर्यंत विश्वचषकात एकही सामना जिंकला नव्हता, तो त्या वर्षी उपांत्य फेरीत पोचला. सराव कठोर होता, मायदेशाचा पाठिंबा होता, पंचांचे निर्णयही वादग्रस्त ठरले, हे सर्व खरे. तरी पंगत बदलल्याने खेळ बदलला, हा भाग आमच्या मनातून जात नाही.

ज्या घरांत “अण्णा, जरा इकडे द्या हो!” असे म्हणून होईपर्यंत चेंडू आडात पडावा, त्या घरांस हे समजावून सांगावे लागणार नाही. वडिलांचा मान राखणे आम्हांस प्रिय आहे. परंतु मान आणि अंतर यांत फरक आहे, आणि पंगतीचे अंतर आपल्या समाजात केवळ वयाचे नव्हते.

याच पुण्यात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पाळवणकर बाळू हा चर्मकार कुटुंबातील तरुण गोऱ्यांच्या जिमखान्यावर क्रिकेटचे मैदान राखीत असे आणि साहेबांच्या सरावासाठी गोलंदाजी करी. त्याच्यासारखा गोलंदाज पुण्यात दुसरा नव्हता, म्हणून हिंदूंच्या क्लबाने बऱ्याच वादानंतर त्यास संघात घेतले. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांनी झेलला. पण चहाच्या वेळी त्यास चहा मिळे तो तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात, आणि जेवणाचे ताट निराळे. 1911 साली हाच बाळू इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यास कधीच मिळाले नाही. 1923 साली ते त्याचा भाऊ विठ्ठल यास मिळाले. परदेशी संघांची नीती तोलणाऱ्या आपण, आपल्याच घरच्या संघाची ही नीती कोणत्या तराजूत घालणार? चेंडूस विटाळ नाही आणि कपास विटाळ आहे, असा नियम जगातील कोणत्याही खेळाच्या पुस्तकात नाही. तो आमच्या घरांतून मैदानावर गेला होता.

म्हणूनच परतताना आम्ही पुन्हा पेरण्याच्या स्तंभापाशी थांबलो आणि त्यावरील नावे सावकाश वाचली. त्यांत वीसाहून अधिक नावे ‘नाक’ या शब्दाने संपतात. ती महार शिपायांची नावे होत. पेशवाईत ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांची नावे दगडावर कोरली ती परक्या सरकारने. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. आंबेडकर येथे आले, आणि आता दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक येथे येतात. 1 जानेवारी 2018 रोजी या परिसरात दंगल उसळून एका तरुणाचा जीवही गेला. कोरेगावच्या लढाईत पेशवाई हरली की नाही, याविषयी आमच्यासारख्या घरांत अजून आवेशाने बोलले जाते. ती नावे मात्र क्वचितच कोणी वाचतो. समोरच्या बाजूने जो चांगला खेळला त्याचे नाव आदराने उच्चारणे, हा खिलाडूपणाचा पहिला पाठ आपण मुलांस फुटबॉलच्या निमित्ताने शिकवतो. तोच येथे मोठ्यांनी गिरवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

राष्ट्रांच्या खेळाच्या तऱ्हा निराळ्या राहोत. कोणी धावून खेळो, कोणी कडी घालून. त्यामुळेच खेळास गोडी आहे. पण खेळाची नीती एका राष्ट्राच्या रक्तात आणि दुसऱ्याच्या नाही, असे आम्हांस कोठेच दिसले नाही. ती घरी शिकली जाते, आणि दीड वर्षात बदलूही शकते. पुढच्या वेळी रांजणगावास जाताना आमच्या वाचकांनी पेरणे फाट्याशी मोटार थांबवावी, मुलांस खाली उतरवावे, आणि ती नावे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. अर्धा तास पुरे होतो.